एक किडनी काढा, आप्पांना बसवा

त्या वर्षी लातुरात पाणी सोडून सगळं साचत होतं. रिकाम्या घागरी साचत होत्या, पाणी कधी येणार याच्या अफवा साचत होत्या आणि आमच्या मंडळाचे किस्से साचत होते. घागरी पुढं कधीतरी भरल्या, अफवा विरल्या. किस्से तेवढे राहिले. एक सांगायला घेतला की मागून दुसरा हात वर करतो, वर्गातल्या आगाऊ पोरासारखा. म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकू. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे. तसंही त्यांनी माझ्यावर खूश व्हावं असं मी काही केलेलं नाही.

मंडळ कशाचं? धावण्याचं. म्हणजे दुसऱ्यांना धावायला लावण्याचं. 'किडनीसाठी धाव' असं नाव. गावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसच्या चार मशिनी होत्या, त्या चालू राहाव्यात म्हणून शर्यती घ्यायच्या आणि वर्गणी गोळा करायची.

अध्यक्ष प्राचार्य सर. निवृत्त होऊन जमाना झाला, पण समोरच्याकडं अजून रोल नंबर विचारल्यासारखं बघतात. कार्याध्यक्ष आप्पा. सिमेंट, सळई, टँकर असा धंदा. मूळचे उदगीरचे. उदगीर जिल्हा होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही अशी त्यांनी भर सभेत शपथ घेतलेली.

तेव्हापासून ते बूट घालतात.

मी हिमायतनगरहून डॉक्टर व्हायला लातूरला आलेलो. सगळेच येतात. नंबर लागला नाही, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली आणि फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसलो. मंडळाचे फ्लेक्स आमच्याकडं व्हायचे, म्हणून मी मंडळात. सर माझी ओळख करून द्यायचे, "हा आपला होतकरू." डिग्री नसलेल्या माणसाला मराठीत होतकरू म्हणतात.

आणि सरवदे मामा. रेणापूरचे, एसटीत ड्रायव्हर. दोन्ही किडन्या गेलेल्या, मेडिकल रजेवर. बुधवार-शनिवार डायलिसिस. आमच्या मंडळात खरा पेशंट हा एकटाच, त्यामुळं प्रत्येक कार्यक्रमात त्यांना मांडून ठेवायचे.

एका डायलिसिसला एका घराचं दोन दिवसांचं पाणी जातं. आणि गावात तर हंडाभर पाण्यावरून टाळकी फुटत होती. टँकर आला तर मशिनी चालू, नाही आला तर सिस्टर पेशंटला दारातूनच परत पाठवणार. एक वेळ चुकली की मामांचे पाय सुजून खांबासारखे व्हायचे, आडवं झालं की दम लागायचा. दोन वेळा चुकल्यावर काय होतं ते आमच्या डोळ्यांदेखत बेड नंबर तीनच्या बाईंचं झालं होतं.

मामांना स्वतःला दिवसाला तांब्याभर पाणी. त्यापेक्षा जास्त प्यायची परवानगी नाही. म्हणायचे, "ह्या दुष्काळात सगळ्यात कमी पाणी पिणारा मीच, अन् सगळ्यात जास्त पाणी लागणारा बी मीच. बोला!"

*

पहिला फ्लेक्स.

मी साधं डिझाइन केलेलं. मधे दोन किडन्या, खाली एक धावणारा माणूस, वर नाव. प्राचार्य सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "छान. आता फोटो टाका."

फोटोंची यादी त्यांनी खिशातून काढली. अठ्ठावीस! अध्यक्ष, कार्याध्यक्ष, मार्गदर्शक, प्रेरणास्थान, आप्पांचे साडू, साडूंचा नगरसेवक. धावणारा माणूस पहिल्या पाच फोटोंतच गेला. नाव आकसून खाली कोपऱ्यात गेलं. तरी आप्पांचा फोटो बसेना. आप्पांना लहान फोटो चालत नाही, त्यात ते लहान दिसतात.

"ह्या दोन काय हायेत?" आप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"किडन्या हायेत, आप्पा."

"दोन कशाला? एक काढ. माणूस एकीवर जगतो की!"

सर म्हणाले, "वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे."

मी एक किडनी काढली, तिथं आप्पांना बसवलं. फ्लेक्स शिवाजी चौकात लागला. मामा डायलिसिसहून येताना खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, वाईट वाटलं असेल.

"माझ्यापेक्षा ह्या फ्लेक्सचं बरं हाय," मामा म्हणाले. "ह्याला एक तरी हाय."

*

मग ठरलं की लोकांना प्रेरणा मिळावी म्हणून ज्येष्ठांनी सराव करायचा. म्हणजे सरावाचा फोटो पेपरात द्यायचा.

रविवारी सकाळी अकरा जण मैदानावर. पांढरे टी-शर्ट, त्यावर आप्पांच्या सिमेंटची जाहिरात. फोटोग्राफर म्हणाला, "त्या झाडापासून ह्या खांबापर्यंत पळत या." वीस पावलं असतील. आले. फोटोग्राफर म्हणाला, "सर मधेच चालायला लागले, पुन्हा." पुन्हा आले. आता आप्पांचं पोट फोटोच्या चौकटीबाहेर गेलं, पुन्हा. तिसऱ्या वेळी आप्पा खांबाला धरून खालीच बसले. कुणी वारा घालतंय, कुणी बूट सोडतंय.

शेवटी फोटोग्राफर वैतागला. "असं करा, एक पाय उचलून उभे ऱ्हावा सगळे. मी हलवून काढतो!"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. अकरा ज्येष्ठ, प्रत्येकाचा एक पाय हवेत. खाली मथळा: 'ज्येष्ठांच्या वेगानं तरुणाई थक्क'.

तरुणाई म्हणजे मी. थक्क झालोच होतो.

*

रेणापूरला जनजागृती सभा होती. मामांचं गाव, म्हणून मामा पहिल्या खुर्चीवर. विषय: किडनीची काळजी. डॉक्टर यायचे होते, ते आले नाहीत. आप्पांनी माईक घेतला.

दोन मिनिटं किडनीवर बोलले. मीठ कमी खा, मनानं औषधं घेऊ नका. मला वाटलं, चुकून शहाणपणाचं बोलायला लागले. तेवढ्यात गाडी वळली.

"बंधू-भगिनींनो, देवानं माणसाला किडन्या दोन का दिल्या? कारण एकीवर ताण येतो! तसाच लातूर जिल्ह्यावर ताण येऊन राहिला! म्हणून शरीराला जशा दोन किडन्या, तसे लातूरचे दोन जिल्हे झाले पाहिजेत! उदगीर जिल्हा, झालाच पाहिजे!"

मागच्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. ते आप्पांनी गाडीतून आणलेले होते.

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. डोक्यावर पदर, काखेत रिकामी कळशी. सभा पाण्यासाठी आहे असं ऐकून आलेली.

"लेकरा, दोन करा न्हाईतर चार करा," ती म्हणाली. "पर टँकर कोणत्या किडनीतून यायचाय ते सांग. मी तिथं कळशी ठिवते!"

*

नांदेडचं एक मंडळ होतं. ते हृदयासाठी धावायचे. त्यांनी आम्हाला बोलावलं, कारण मागच्या खेपेला आम्ही त्यांना बोलावून शाली घातल्या होत्या. शाली अशाच फिरतात. लातूरहून नांदेडला जातात, नांदेडहून लातूरला येतात. थंडी कुणालाच नसते.

विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला यावरून तेव्हा दोन्ही गावांत लई फाटलेलं. सर जीपमध्ये सारखे बजावत होते, "तिथं आयुक्तालयाचा विषय काढायचा नाही. आपण आरोग्यासाठी चाललो आहोत." मामांनाही सोबत घेतलेलं. दोन डायलिसिसमधला दिवस होता, तब्येत बरी होती. दाढी केलेली, मुलानं दिलेला निळा ट्रॅकसूट घातलेला. सर मात्र जीपच्या धक्क्यांनी पांढरे पडलेले, दोन वेळा उलटी झालेली. मी आणि मामांनी धरूनच त्यांना स्टेजवर चढवलं.

तिथल्या निवेदकानं सर आणि मामा दोघांकडं बघितलं आणि मनाशी हिशेब जुळवला.

"आणि आता, गेली तीन वर्षं डायलिसिसवर असूनही ज्यांनी जिद्द सोडली नाही..."

शाल सरांच्या खांद्यावर! टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. मला वाटलं, सर आता चूक सांगतील. चाळीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईनं काढलेला माणूस तो.

सरांनी माईक घेतला. घसा खाकरला. आणि म्हणाले, "वेदना काय असते, ते भोगणाऱ्यालाच कळतं."

पुढं पंधरा मिनिटं भोगत होते!

सत्कारात फळांची परडी मिळाली. केळी, मोसंबी, वर शहाळं. यातलं एकही मामांना चालत नाही. किडनीच्या पेशंटला केळं म्हणजे विष, हे किडनीसाठी धावणाऱ्या एकाही मंडळाला ठाऊक नव्हतं. परडी सरांनीच जीपमध्ये मांडीवर घेतली आणि लोह्यापर्यंत निम्मी संपवली.

मी फणफणत होतो. "मामा, तुम्ही बोलला का न्हाई?"

"जाऊ दे रे. सरांना बरं वाटलं ना?" मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "माझ्या आजारानं कुणाला तरी बरं वाटलं!"

*

चैत्र लागला आणि पाण्यानं तळ गाठला. दवाखान्याची बोअर आटली. सिस्टर हदगावच्या होत्या, बोलायला एक घाव दोन तुकडे. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "तुमच्या मंडळाला म्हणावं, पळणं नंतर पळा. पुढच्या आठवड्यात पाण्याची सोय न्हाई झाली तर मी युनिटला कुलूप लावून चावी तुमच्या अध्यक्षांच्या घरी आणून देते."

मी बैठकीत तेवढंच सांगितलं. शर्यत पुढं ढकला, आधी दवाखान्याला रोज एक टँकर द्या.

सर म्हणाले, "उपक्रमाला एक शिस्त असते. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळालेली आहे. बारावीनंतर तू काय केलंस, सांग बरं सगळ्यांना?"

"फ्लेक्स केले, सर. तुमचे."

हशा झाला. सर हसले नाहीत. शेवटी आप्पा म्हणाले, "टँकर माझा घ्या. रोज सकाळी आठला दवाखान्यात जाईल. पर दोन्ही बाजूला माझा फोटो पाहिजे. मोठा."

मी फोटो केला. टँकरच्या टाकीएवढा! खाली 'जलदूत' लिहायला लावलं. लाज वाटली, पण टँकर सुरू झाला. तीन आठवडे एक दिवस चुकला नाही. त्या फोटोकडं बघून मी शिव्या घालायला लागलो की मामा मला गप्प करायचे.

"फोटो कुणाचा बी असू दे. पाणी फोटोच्या आत हाय ना? मग नमस्कार कर!"

*

आता शर्यतीचा दिवस. पाहुण्यांना शनिवारच मोकळा होता, म्हणून शनिवारी. शनिवार म्हणजे मामांचा डायलिसिसचा वार. मी सरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "साडेसहाला उद्घाटन, सातला मामा मोकळे."

सहा वाजता मैदान भरलं. भरतीची तयारी करणारी पोरं, कॉलेजची मुलं-मुली, वरून आदेश आला म्हणून आलेले मास्तर, सगळे मिळून तीनशे. मार्गावर बाण लावायचे होते, पण बाणांचं कापड पाहुण्यांच्या स्वागत कमानीत गेलं. म्हणून पी.टी.च्या सरांनी भोंग्यावर सांगितलं, "रस्ता शोधायचा न्हाई. म्होरं गाडी असंल, तिच्या मागं पळायचं. गाडी थांबली की शर्यत संपली!"

साडेसहा झाले. सात झाले. आठ झाले. पाहुणे नाहीत. पोरं उन्हात उभी.

मधला वेळ काढायला सरांनी मामांचा सत्कार उरकून घेतला. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. मग मामांना स्टेजवर खुर्चीत बसवून ठेवलं, पाहुण्यांना दाखवायला. आदल्या तीन दिवसांचं पाणी त्यांच्या अंगात साठलेलं. पाय चपलेत मावत नव्हते. वाक्यावाक्याला थांबून श्वास घेत होते.

नऊला सिस्टरचा फोन. "टँकर कुठं हाय? तिघं येऊन बसलेत. चौथे तुमचे मामा. दहापर्यंत पाणी न्हाई आलं तर मी सगळ्यांना घरी लावते. पुढची पाळी बुधवारी."

बुधवारी! मी मागं वळलो. टँकर समोरच होता. मैदानापासून कमानीपर्यंतच्या रस्त्यावर पाणी मारून नुकताच परत येऊन उभा राहिलेला. मागचा कॉक अर्धा उघडा, पाणी मातीत गळतंय. ड्रायव्हर पोह्यांच्या रांगेत.

मी आप्पांकडं पळालो. "आप्पा, हा दवाखान्याचा टँकर हाय!"

"टँकर माझा हाय," आप्पा म्हणाले. "पाव्हण्यांच्या गाडीतून पांढऱ्या कपड्यातली माणसं उतरणार. धूळ बसाय नको?"

"आप्पा, चार माणसं तिथं..."

"अरे, ह्याच माणसांसाठी तर आपण करून राहिलो हे सगळं!"

मी सरांकडं गेलो. त्यांनी माईकवर हात ठेवला आणि म्हणाले, "समारोपानंतर बघू." मग हात काढून माईकमध्ये म्हणाले, "एकेका थेंबाचं मोल आपण जाणलं पाहिजे."

मामांनी सगळं ऐकलं होतं. खुर्चीला धरून उठले. एकेक पायरी उतरले, दर पायरीला थांबत. टँकरपाशी आले, दार उघडलं, शाल-फेट्यासकट वर चढून बसले. चावी गाडीतच होती.

"कॉक बंद कर!" मला ओरडले.

मी मागं जाऊन कॉक बंद केला आणि पळत येऊन त्यांच्या शेजारी चढलो. मामांनी नारळ मांडीत धरला, गिअर टाकला. त्या सुजलेल्या पायानं क्लच असा सोडला की टाकीतल्या पाण्याला कळलंही नसेल. मग एसटीतला मारतात तसा लांबलचक हॉर्न मारला.

पी.टी.च्या सरांना वाटलं, निघाली गाडी. त्यांनी शिट्टी फुंकली!

तीनशे माणसं तीन तास ज्याची वाट बघत होती ते झालं एकदाचं. आरोळी उठली आणि अख्खं मैदान टँकरच्या मागं सुटलं. भोंग्यातून प्राचार्य सरांचा आवाज येत होता, "स्पर्धकांनो, थांबा! अजून उद्घाटन झालेलं नाही! ही शर्यत नाही!" मी आरशात बघत होतो. सगळ्यात पुढं भरतीची पोरं, मधे मास्तर, आणि सगळ्यात मागं, बूट घालून, खरंखुरं पळणारे आप्पा. ते शर्यतीत नव्हते, टँकरच्या मागं होते. त्यांना बघून रस्त्यावरची माणसं टाळ्या वाजवत होती!

कमानीपाशी समोरून लाल दिव्याच्या तीन गाड्या आल्या. मामांनी टँकर न थांबवता कडेनं काढला. पाहुण्यांच्या गाडीची काच खाली आली. हातात झेंडा तयार होता. तीनशे माणसं पाहुण्यांच्या दोन्ही बाजूंनी पळत निघून गेली. पाहुण्यांनी झेंडा दाखवला. कुणाला दाखवला, देव जाणे.

पुढं मैदानावर पाहुणे, सर आणि पोहे एवढेच राहिले होते म्हणतात.

दहाला पाच मिनिटं असताना टँकर दवाखान्याच्या गेटात शिरला. मामा उतरले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, श्वास परत आला तसे मागं न बघता आत गेले. मी पाईप जोडायला लागलो. टाकीत निम्मं पाणी उरलं होतं. चौघांपुरतं.

तेवढ्यात शर्यत पोचली. पहिला आलेला पोरगा, कंधारचा कुणी होता, गेटला हात लावून वाकला. धापा टाकत वॉचमनला म्हणाला, "शेवट हाच का?"

"हाच," वॉचमन म्हणाला. "म्होरं आयसीयू हाय."

मागून आणखी येत होते. गेट भरलं, पायऱ्या भरल्या. कुणी मेडल विचारतंय, कुणी पाणी विचारतंय. आप्पा आले, पण तोंडातून शब्द फुटेना, म्हणून त्यांनाच कुणीतरी स्ट्रेचरवर बसवलं.

मी पाईप लावून आत गेलो. तीन बेडवर तिघं आडवे झालेले, मशिनी धुवायला घेतलेल्या. मामा वजनकाट्यावर उभे होते. डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन करतात, अंगातलं किती पाणी काढायचं ते त्यावर ठरतं. मामा काट्यावर ताठ. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, छातीशी नारळ.

सिस्टरनं काट्याकडं बघितलं, बाहेरच्या गर्दीकडं बघितलं, मग मामांकडं.

"मामा, ते सगळं खाली ठेवा. मला तुमचं वजन पाहिजे."